चार लाद्या सोडून

पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला डांबरी रस्ता संपतो. तिथून पायवाटेने चढून गेलं की पंधरा-वीस घरांचा एक पाडा लागतो. रामी तिथली. बारीक चणीची, काटक आणि स्वभावाने भित्री बाई. साप-विंचवाला ती भ्यायची नाही. विळ्याच्या टोकाने विंचू उचलून बाहेर टाकायची. तिला भीती वाटायची ती कागदाची. पोस्टमन घराकडे वळताना दिसला की ती मागच्या दाराने परड्यात निघून जायची. तलाठ्यापुढे उभं राहायचं असलं तर आदल्या दिवसापासून तिला भाकर गिळवत नसे.

एका कामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. घरातली मातीची जमीन करावी तर रामीने. कोणी नवं घर बांधलं की आसपासच्या पाड्यांतून तिला बोलावणं यायचं. ती आल्या आल्या काही बोलायची नाही. वाकून भरावाची माती मुठीत घ्यायची, दाबायची, सोडायची आणि म्हणायची, "अजून दोन रोज चोपा." माती चोपायची जड धुमस उचलून आपटून घरातल्या बाप्यांचे खांदे भरून आलेले असायचे. ते कुरकुरत. रामी अनवाणी फिरत टाचेने जमीन दाबून बघायची, एखाद्या जागी थांबायची. "इथं पोकळ हाय." तिला ते पायातून कळायचं, कसं ते तिलाही सांगता येत नसे. चोपणी मनासारखी झाली की मग शेणाचा हात फिरवायला बसायची, आणि उठायची तेव्हा जमीन अशी झालेली असायची की सांडलेली नागली, म्हणजे नाचणी, दाणा न दाणा भरून घ्यावी.

तिच्या स्वतःच्या घरी मात्र लादी आली. मुलगा संदीप भिवंडीला गोदामात कामाला. सून करिष्मा बारावी झालेली, खोडाळ्याला झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायच्या दुकानात बसायची. दोघांनी मिळून तीन खोल्यांचं पक्कं घर उभं केलं. करिष्मा म्हणाली, "आई, पावसाळ्यात जमिनीला ओल येते. रविना पालथी पडून अभ्यास करते, तिची वही भिजते. आपण टाईल्स घालू." रविना म्हणजे नात, सहा वर्षांची. रामीचा नवरा लाडक्या बिडी विझवत म्हणाला, "घाला. आपण पण बघू लादीवर झोपून कसं वाटतं ते." झालं, ठरलं.

लादीचं काम जव्हारच्या विनोद नावाच्या ठेकेदाराने घेतलं. लाद्याही त्याच्याच दुकानातल्या, बसवणारही तोच. त्याचा मिस्त्री भिका खालच्या पाड्यावरचा, लाडक्याच्या भावकीतला. पहिल्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टरने रस्त्याच्या टोकापर्यंत आणलेली माती आणि दगडांचा चुरा डोक्यावरून वर वाहून तिन्ही खोल्यांत ओतला, फावड्याने सारखा केला, वर बादलीभर पाणी शिंपडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाद्या उतरवल्या. रामी उंबऱ्यात उभी होती. तिने सवयीने टाच आत टाकली. टाच रुतली.

"हे चोपलं नाय," ती हळूच म्हणाली. "पोकळ हाय."

भिकाने मान वर केली आणि विनोदकडे पाहिलं. विनोद हसला. "मावशी, ही तुमची शेणाची जमीन नव्हे. टाईल्सला चोपायला लागत नाही, सिमेंट सगळं धरून ठेवतं. तुम्ही मस्त चहा टाका."

रामीने चहा टाकला. पुढे तिला कितीदा तरी वाटलं की त्या दिवशी आपण चहा टाकायला नको होता.

जमीन झाली ती दिसायला छान. पांढरी, गुळगुळीत, दोन-दोन फुटी लाद्या. रामी त्यावर चालताना पाय जपून टाकायची. पायाला काही कळेनासंच झालं होतं.

भाद्रपदात लाडक्या गेला. तीन दिवस ताप होता, तो डोक्यात गेला. जीप खाली रस्त्यापर्यंत येईतो त्याचा जीव राहिला नाही. त्याला मधल्या खोलीत खाली घेतलं होतं. डोकं जिथे टेकलं होतं ती जागा चार लाद्यांची.

त्या भागात अशी रीत आहे की माणूस जिथे टेकला ती जागा शेणाने सारवायची, वर नागलीचं पीठ भुरभुरायचं आणि टोपली पालथी घालायची. सकाळी जाणती माणसं टोपली उचलून बघतात. पिठावर काही उमटलेलं असतं. कोणाला पाखराचा पाय दिसतो, कोणाला किड्याची रांग. गेलेला माणूस कुठल्या वाटेने गेला ते त्यावरून समजतं, आणि मग घरातली माणसं मोकळी होतात.

रामीने लादीवर सारवलं, पीठ भुरभुरलं. सकाळी पाड्यावरच्या गौराबाईने टोपली उचलली. गौराबाई सगळ्यांत म्हातारी, तिचा शब्द शेवटचा. शेण लादीला धरलंच नव्हतं. वाळून पापडासारखं वर वळलं होतं, पिठाच्या चिरफळ्या झाल्या होत्या. गौराबाई बराच वेळ वाकून राहिली. मग म्हणाली, "मना काय दिसत नाय बाय. लादीवर काय उमटंल."

सगळी आपापल्या घरी गेली. रामीच्या मनात मात्र ते राहिलं. नवरा कुठे गेला ते कळलं नाही म्हणजे तो इथेच कुठेतरी आहे. संध्याकाळी चूल पेटवताना तिला पाठीमागे कोणी उभं असल्यासारखं वाटायचं.

पुढच्या अवसेला, करिष्मा दुकानात गेल्यावर, तिने ती जागा पुन्हा सारवली. पुन्हा पापड झाला. तिने तो खरवडून परड्यात टाकला आणि करिष्मा यायच्या आत लाद्या पुसून ठेवल्या. त्याच्या पुढच्या अवसेला तिला सुचलं की जमीन खरबरीत असल्याशिवाय शेण धरत नाही. तिने विळा घेतला आणि त्या चार लाद्यांमधले सांधे टोकाने कोरले. कडांनाही जरा टवके पाडले. मग शेण धरलं. पीठ मात्र तिने भुरभुरलं नाही. एकटीने बघायची छाती झाली नाही. करिष्मा यायच्या आत ती वरचं शेण पुसून टाकायची आणि सांध्यांवर गोधडी पसरायची, पण सारवलं की चार दिवस तिला बरं वाटायचं. असं ती अवसेच्या अवसेला करत राहिली आणि कोणाला बोलली नाही. करिष्मा शिकलेली. ती हसली असती.

चैत्रात एका दुपारी ऊन रखरखीत होतं. रविना मधल्या खोलीत पालथी पडून चित्र रंगवत होती. रामी स्वयंपाकघरात नागली पाखडत होती. एकाएकी बंदूक उडावी तसा आवाज झाला, घर हललं आणि रविना किंचाळली. रामी धावली. त्या जागेवरच्या दोन लाद्या आपोआप उचलल्या जाऊन एकमेकींना टेकून उभ्या होत्या, झोपडीच्या छपरासारख्या. एकीच्या कडेने रविनाची टाच कापली होती. रामीने पोर उचलली आणि अंगणात आली. करिष्मा संध्याकाळी येईपर्यंत ती घरात शिरली नाही. पोरीच्या टाचेला हळद दाबून चिंचेखाली बसून राहिली.

पाड्यावरची कोणी म्हणाली, उन्हाने झालं. कोणी नुसतं आत डोकावून गेलं. रामीला ठाऊक होतं कशाने झालं. विळ्याने झालं. आपण सांधे कोरले, पाणी आत गेलं, लादी सुटली आणि पोरीचा पाय कापला.

पुढच्या महिन्याभरात बाकीच्या लाद्याही वाजू लागल्या. पाय टाकला की खालून ढब्ब असा आवाज यायचा. स्वयंपाकघरात एक तडकली, दारापाशी दोन हलू लागल्या. रविना भिंतीला धरून चालायची. रामीही तशीच चालू लागली.

विनोद एकदा येऊन बघून गेला. "बघू, माणूस पाठवतो," म्हणाला. भिका आला, टकटक करून गेला. मग विनोदने फोन उचलणं सोडलं. करिष्मा तीनदा जव्हारला त्याच्या दुकानात जाऊन आली. तिसऱ्या वेळी ती परत आली ती ओठ आवळूनच. "ग्राहक आयोगात तक्रार करायची," म्हणाली. "पावती आहे, फोटो आहेत. दुकानात मी रोज लोकांचे फॉर्म भरते, आपलाही भरीन."

घर लाडक्यामागे रामीच्या नावावर झालेलं. म्हणजे तक्रार रामीची. प्रतिज्ञापत्र करायला दोघी जव्हारला गेल्या. टेबलामागचा माणूस कागद वाचून दाखवू लागला. एका ओळीवर करिष्माने रामीकडे वळून विचारलं, "फरशीला आम्ही काहीही छेडछाड केलेली नाही. बरोबर ना आई? तसं काही केलं नाही ना आपण?"

मागे रांग होती. टेबलावरचा माणूस शिक्का हातात धरून थांबला होता. रामीने मान हलवली. मग तिच्या बोटांत पेन दिलं आणि तिने सावकाश आपल्या नावाची दोन अक्षरं काढली. वर शिक्का पडला त्याचा आवाज तिला लादी फुटल्यासारखा वाटला.

चार-पाच महिने काही झालं नाही. भात लावलं, निंदलं, कापणीला आलं. मग विनोदचा लेखी जबाब आला. करिष्माने तो जेवताना वाचून दाखवला आणि मधेच हसायला लागली. "बघा आई, किती खोटं लिहितात. म्हणे, काम उत्तम होतं. तक्रारदारांनी फरशीचे सांधे स्वतः कोरून त्यावर वारंवार शेण ओतलं, त्यामुळे नुकसान झालं. टाईल्सवर कोणी शेण ओततं का? कोर्टात हेच ऐकून हसतील."

रामीने हातातला घास ताटात परत ठेवला. "आणि खोटं लिहिलं त्याला काय करतात?" तिने विचारलं.

"शपथेवर खोटं? त्याला आत पण घालतात," करिष्मा सहज बोलून गेली. तिच्या मनात विनोद होता.

त्या दिवसापासून रामीची भूक गेली. आयोगाने पाहणीसाठी इंजिनियर नेमला आहे आणि कार्तिकात अमुक तारखेला ते घरी येणार, असं पत्र आलं तेव्हा ती मोजूनच बसली. नऊ दिवस. तिने राखेने सांधे घासले. काथ्याने घासले. हिरवट डाग गेले, पण विळ्याच्या रेघा कशा जाणार. मग तिने स्वयंपाकघरातली नागलीची कणगी रिकामी केली, ढकलत मधल्या खोलीत आणली, त्या चार लाद्यांवर ठेवली आणि पुन्हा भरली. दोन लाद्या उचललेल्या होत्या त्या तिने आधी पायाने दाबून बसवल्या. कणगी जराशी कलली. करिष्माने विचारलं, "इथे कशाला?" रामी म्हणाली, "तिकडं उंदीर झालेत."

खोडाळ्याच्या बाजारात तिला भिका भेटला. तो सुकी मासळी घेत होता. तिला बघून जरा बाजूला झाला, मग स्वतःच जवळ आला.

"रामी वहिनी, भात झाला का कापून?"

"झाला." रामीने इकडेतिकडे पाहिलं. "भिका, विनोदशेठला शेणाचं कोणी सांगितलं?"

भिका मासळीची पुडी या हातातून त्या हातात करत राहिला. "मीच बोललो. बघायला आलो तेव्हा दिसलं ना मना. पाड्यातल्या माणसाला कळणार नाय का ते? लाडक्यादादासाठी केलंस ते मना ठावं हाय. पण शेठनं विचारलं, मी बोलून गेलो. त्याच्याकडं रोज कामाला जातो वहिनी."

"मग मना आत घालतील."

"तुला? तुरुंगात तुला जमीन करायला लावतील. दोन रोज चोपा म्हणशील तिथं पण." भिका हसला, पण त्याचं हसणं अर्ध्यावरच राहिलं, कारण रामीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "मी काय लिहून दिलेलं नाय अजून." आणि गर्दीत शिरला.

दोन दिवसांनी भर दुपारी मोटरसायकलचा आवाज पाड्याखाली येऊन थांबला. विनोद पायवाट चढून आला, घाम पुसत ओटीवर बसला आणि पाणी मागितलं. घरात रामी आणि रविना दोघीच होत्या. तिने तांब्या दिला, तो त्याने बराच वेळ हातात धरला.

"मावशी, मी भांडायला आलो नाही. तुमच्या सुनेला कळत नाही, तुम्हाला कळतं. उद्या इंजिनियर येणार, कणगी बाजूला करणार, सगळं दिसणार. प्रतिज्ञापत्र तुमच्या सहीचं. सून सुटेल, अडकाल तुम्ही." त्याने खिशातून घडीचा कागद काढला. "तक्रार मागे घेतली एवढंच लिहिलंय. सही करा. फुटलेल्या पाच-सहा लाद्या मी बदलून देतो. शेणाबिणाचं नाव कोणी काढणार नाही, तुमच्या घरात पण नाही."

कणगी इथे आहे हे याला कसं कळलं, असं रामीच्या मनात आलं. मग लक्षात आलं की दारातूनच ती दिसते आहे, कलून उभी. तिने कागद हातात घेतला. पेनही घेतलं. आतून पोरीची हाक आली, "आजी, मना आण ना बाहेर." रविना आता एकटी मधल्या खोलीतून चालत नसे. कोणीतरी हात धरून आणेपर्यंत ती खाटेवर बसून राहायची.

रामी उठली, भिंतीकडेने आत गेली, पोरीला काखेत घेऊन बाहेर आली. पेन तिच्या मुठीतच होतं. ते तिने विनोदच्या बाजूला ओटीवर ठेवलं. "सुनेला विचारून सांगते," म्हणाली. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि हो म्हणवलंही नाही. विनोद कागद घडी करत उठला. "विचारा. पण मग काय काय सांगावं लागेल ते पण बघा," म्हणून उतरून गेला.

तिने करिष्माला काही विचारलं नाही. रात्रभर ती शब्द जुळवत पडली आणि सकाळी सगळे विसरली.

इंजिनियर म्हणून आली ती एक बाई. प्रगती मॅडम. तिशी-पस्तिशीची, पायांत बूट, पाठीला पिशवी. विनोद आणि भिका आधीच येऊन अंगणात उभे होते. मॅडमनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या, एका कागदावर तिन्ही खोल्यांचा नकाशा काढला आणि छोट्या हातोडीने एकेक लादी वाजवत निघाल्या. वाजवायच्या, कान द्यायच्या, नकाशावर खूण करायच्या. घरात दुसरा आवाज नव्हता. रामी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ढब्ब, ढब्ब असं ते जवळ येत होतं.

मधल्या खोलीत मॅडम थांबल्या. "या फरशीला तुमच्यापैकी कोणी काही केलंय का? कोरलं, खणलं, काही ओतलं?"

"काही नाही मॅडम," करिष्मा म्हणाली. "प्रतिज्ञापत्रात लिहिलंय."

"कणगी हलवा," विनोद शांतपणे म्हणाला. "मग बोला. ही मुलगी लोकांचे फॉर्म भरते, मॅडम. खोटं कसं लिहायचं ते तिला चांगलं माहीत आहे."

करिष्माचा चेहरा लाल झाला. "मी खोटं लिहिलेलं नाही. आमच्या सासूबाई चाळीस वर्षं जमिनी करतात. त्या स्वतःच्या घराची जमीन कोरतील? मॅडम, द्या कागद. माझा जबाब घ्या, मी सही करते. खोटं निघालं तर माझ्यावर." तिने मॅडमच्या हातातलं पेन जवळजवळ ओढूनच घेतलं.

रामीला कळलं नाही आपण चौकट कधी सोडली. ती सरळ लाद्यांवरून चालत गेली, मधून, आणि तिने सुनेचं मनगट धरलं.

"तू नको करू सही. मी कोरलंय."

करिष्माच्या हातातलं पेन मॅडमनी परत घेतलं.

"विळ्यानं कोरलंय," रामी म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मॅडमना पुढे वाकावं लागलं. "धनी इथं टेकले होते. सारवण धरंना. म्हणून कोरलं. अवसेच्या अवसेला सारवलं. हिला ठावं नाय. कागदावर मीच मान हलवली. न्यायचं तर मना न्या."

विनोदने मोबाईल वर धरला होता; तो सगळं टिपत होता. मॅडमनी त्याला हाताने थांबा अशी खूण केली आणि रामीला विचारलं, "किती खोल कोरलंत आजी?"

रामीने करंगळीचं नख दाखवलं. त्याचंही अर्धं.

"बरं. हे मला लिहावं लागेल." त्यांनी खरोखरच लिहिलं; पेन कागदावर फिरत होतं तेवढा वेळ रामी त्याच्या टोकाकडे बघत होती. मग मॅडम म्हणाल्या, "भिका, कणगी बाजूला करा. आणि आधी स्वयंपाकघरातली, त्या कोपऱ्यातली लादी उचला. तिथे तर कोरलेलं नाही ना आजी?"

"नाय. तिथं पाण्याची हंडी असायची."

भिकाने थापीचं टोक घातलं. फोडावी लागेल असं वाटलं होतं, पण लादी डब्याचं झाकण निघावं तशी निघाली. खाली सिमेंटचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, लाडवाएवढे. बाकी सगळी पोकळी आणि खाली माती. मॅडम फोटो काढू लागल्या. रामी पुढे सरली. कोणाला न विचारता उकिडवी बसली, माती मुठीत घेतली, दाबली, सोडली. माती पिठासारखी बोटांमधून गळून गेली.

"ही चोपलीच नाय," ती म्हणाली. या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं. तिने मान वर केली. "भिका, धुमस फिरवली होती का इथं? एकदा तरी?"

भिका थापीकडे बघत होता. "शेठनं घाई केली वहिनी. दुसऱ्या साईटवर जायचं होतं."

"भिका," विनोद म्हणाला.

"विचारलं म्हणून बोललो," भिका म्हणाला. "मागं तुम्ही विचारलं तेव्हा पण बोललोच ना."

मॅडमनी आणखी तीन ठिकाणी लाद्या उचलायला लावल्या. सगळीकडे तेच पाच गोळे. शेवटी कणगीखालच्या चार. तिथे वर विळ्याच्या रेघा होत्या, सांध्यांत शेण वाळून बसलं होतं, आणि खाली तेच. मॅडमनी रेघांवर पट्टी धरून फोटो घेतला. त्या काय लिहिणार ते त्यांनी सांगितलं नाही. निघताना रामीने विचारलं, "मना कधी नेतील?" त्या म्हणाल्या, "ते मी ठरवत नाही आजी. तुम्ही आत्ता जे बोललात ते आयोगापुढे जाऊन स्वतः बोला." त्या बोलण्याने रामीची भीती गेली नाही; फक्त ती कुठे जाऊन संपणार ते कळलं.

करिष्मा त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मला सांगायचं होतं ना आई."

"तू हसली असतीस."

करिष्माने विचार केला. "हसले असते," ती म्हणाली. "मग लिहिलं असतं." संध्याकाळी ती दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र टाईप करूनच घेऊन आली. त्यात अवस, विळा, शेण, सगळं होतं.

आयोगापुढे रामी उभी राहिली तेव्हा तिने दोन्ही हातांनी पदर धरला होता. तिला वाटलं होतं तशी पोलीस-गाडी कुठे दिसली नाही. विनोदच्या वकिलाने शेणाबद्दल बरंच विचारलं. समोर बसलेल्या आयोगाच्या बाईंनी एकच विचारलं, "पहिल्यांदा खरं का सांगितलं नाही?" रामी म्हणाली, "भीती वाटली." त्या बाईंनी ते तसंच लिहून घेतलं.

होळीच्या आसपास निकाल आला. करिष्माने मोबाईलवर दोनदा वाचला, मग मोठ्याने. काम सदोष आहे. तज्ज्ञ अहवाल ग्राह्य. ठेकेदाराने भराव काढून, नीट चोपून, तिन्ही खोल्यांची फरशी स्वखर्चाने पुन्हा बसवून द्यावी. मात्र तक्रारदाराने स्वतः कोरलेल्या चार लाद्या सोडून. पहिल्या प्रतिज्ञापत्राबद्दल तक्रारदारास समज देण्यात येत आहे.

"समज म्हणजे आत घालतात?" रामीने विचारलं.

"समज म्हणजे परत असं करू नका."

 रामीने उठून नागलीचं पीठ मळायला घेतलं. कित्येक महिन्यांनी तिला भूक लागली होती.

भिका दोन माणसं आणि धुमस घेऊन आला. विनोद स्वतः आला नाही, फोन मात्र दर तासाला करत होता. चार दिवस चोपणी चालली. पाचव्या दिवशी रामी अनवाणी भरावावरून फिरली, दाराजवळ थांबली, टाच दाबली. भिकाने कपाळाला हात लावला.

"बोल वहिनी. बोल एकदाचं."

"इथं पोकळ हाय," रामी म्हणाली. "चोपा."

लाद्या बसल्या. मधल्या खोलीत चार लाद्यांएवढा चौकोन तसाच उघडा राहिला. तो रामीने स्वतः चोपला, पाणी मारून, पुन्हा चोपून, आणि मग शेणाचा हात फिरवला. पांढऱ्या फरशीत तो हिरवट चौकोन दुरूनही दिसतो. पहिल्यांदा आलेला माणूस थबकतो.

त्यानंतर जी अवस आली त्या संध्याकाळी रामीने तिथे नागलीचं पीठ भुरभुरलं आणि टोपली पालथी घातली. या वेळी लपवून नाही. करिष्मा भाकरी थापताना बघत होती. सकाळी गौराबाईला हाक मारायला निघालेली रामी दारापर्यंत गेली आणि परत आली. टोपलीपाशी बसली, पण टोपलीला हात लावेना. करिष्माच मग जवळ येऊन उकिडवी बसली. दोघींनी मिळून टोपली उचलली.

पिठाच्या एका कडेला तीन बारीक रेघा होत्या, मागे एक छोटी. जवळच तशाच आणखी.

"कोंबडी असेल," करिष्मा म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता.

"असंल," रामी म्हणाली.

टोपलीखाली कोंबडी कशी शिरेल, हे दोघींपैकी कोणीच विचारलं नाही.  रविना आतून उठून आली, नव्या लाद्यांवरून सरळ, भिंतीला न धरता, आणि आजीच्या पाठीला टेकून पिठाकडे बघत उभी राहिली.